नुसते बघायचे आहे

"काय पाहिजे?" काउंटरमागच्या बाबूंनी विचारले.

"नुसतं बघायचं आहे," आम्ही म्हणालो.

"बघायचं म्हणजे? पुस्तकाचं नाव सांगा, चिठ्ठी भरा."

आमच्याबरोबर नववीची पाच मुले होती, तीन मुली आणि दोन मुलगे. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मोमिनपुऱ्यातून दोन ऑटो करून आम्ही त्यांना शहरातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात घेऊन गेलो होतो. वाटेत त्यांना बजावले होते, "वहाँ जाके पहले माँगना नहीं, घूमना. जो किताब अच्छी लगे उसे निकालना, दो सफ़े पढ़ना, वापस रखना." आणि पोचल्यावर पहिल्याच मिनिटाला आम्ही खोटे ठरलो. घुमायला जागाच नव्हती. काउंटर, त्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे पुस्तके.

ग्रंथालयाचे नाव आम्ही सांगणार नाही. एका ग्रंथालयावर राग काढावा एवढा छोटा हा प्रश्न नाही, आणि त्या बाबूंवर तर मुळीच काढायचा नाही. तुटपुंज्या अनुदानावर, तुटपुंज्या पगारात ते अख्खे घर सांभाळतात. थोडी विनवणी केल्यावर त्यांनीच फळी वर उचलून आम्हाला आत सोडले. "दहा मिनिटं," म्हणाले. "आणि पुस्तकं जागच्या जागी ठेवा."

आत मुलांनी काय केले ते सांगण्यासारखे आहे. पहिली दोन मिनिटे कोणीच पुस्तकाला हात लावला नाही. एवढी पुस्तके एका जागी त्यांनी पाहिलेली नव्हती. मग एक मुलगी पक्ष्यांच्या पुस्तकापाशी थांबली. एका मुलाने क्रिकेटचे पुस्तक ओढले, त्याच्या शेजारचे कुस्तीचे पुस्तक त्याबरोबर बाहेर आले आणि तो कुस्तीचेच वाचत बसला! नुसते बघायचे म्हणजे हेच. मागितलेल्या पुस्तकाच्या शेजारचे, न मागितलेले पुस्तक हाती लागणे. चिठ्ठी भरून ते कधीच मिळत नाही, कारण ज्याचे नाव ठाऊक नाही त्याची चिठ्ठी कशी भरणार?

तेवढ्यात एकीने विचारले, "सर, उर्दू किधर है?"

उर्दू मागच्या व्हरांड्यात होती. एक लोखंडी कपाट, काचेची दारे, कुलूप. काचेतून पुस्तकांच्या पाठी दिसत होत्या. प्रेमचंद होते, कृष्णचंदर होते, कुर्रतुलऐन हैदर यांचे 'आग का दरिया' होते, आणि खालच्या खणात इब्ने सफी यांच्या जासूसी कादंबऱ्यांचा गठ्ठा होता, ज्या हाती लागल्या असत्या तर आमच्या मुलांनी त्या रात्री जेवण सोडले असते. पुस्तकांवरची धूळ काचेबाहेरूनही कळत होती. किल्ली मागितली. किल्ली एका गृहस्थांकडे असायची, ते निवृत्त झाले. केव्हा? बाबूंना सांगता आले नाही. "कोणी मागतच नाही हो," ते म्हणाले.

कोणी मागत नाही म्हणून कुलूप, आणि कुलूप आहे म्हणून कोणी मागत नाही. महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांशी मुस्लिम समाजाचे जे नाते आहे, ते त्या लोखंडी कपाटात आम्हाला अख्खे दिसले. आम्ही काचेच्या बाहेर, आमचे काचेच्या आत, आणि किल्ली कुणाकडे आहे हे ठाऊक नाही.

परत निघताना मराठीच्या कपाटांत आणखी एक गोष्ट दिसली. एका मुस्लिम लेखकाचा मराठी कथासंग्रह 'धर्म: इस्लाम' या खणात लावलेला होता. आत शेतकऱ्याच्या कथा होत्या, एसटीच्या कंडक्टरची कथा होती, दुष्काळाची होती. पण लेखकाचे आडनाव पाहून पुस्तकाचा विषय ठरला! आम्ही ते कथांच्या खणात ठेवून आलो. ग्रंथालयाच्या नियमात बसत नसेल, पण केले.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवर एवढा गहजब कशाला? मुलांना नोकऱ्या नाहीत, वस्त्यांत गटारे तुंबलेली आहेत, २००६ साली सच्चर समितीने सांगितलेले दुखणे अजून तसेच आहे, आणि तुम्ही पुस्तकांच्या कपाटाची किल्ली शोधत फिरता? होय, फिरतो. त्या दुखण्यावर भाषणे करणारे पुष्कळ आहेत. किल्ली शोधणारे कमी आहेत.

आणि ही किल्ली कुणाच्या मेहेरबानीची नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. त्या कायद्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही, म्हणजे पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून येतो. तिमकीतला रंगारी आणि हंसापुरीतला वेल्डर साबणाच्या वडीवर जो कर भरतो, तो त्याच तिजोरीत जातो. दारावरच्या पाटीवर 'सार्वजनिक' हा शब्द लिहिलेला असतो. त्याचा अर्थ आमच्या शब्दकोशात आणि ग्रंथालयाच्या शब्दकोशात एकच असायला हवा. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्याला नव्वदहून अधिक वर्षे झाली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह, आणि त्यासाठी मुक्तद्वार पद्धत हवी, वाचकाला कपाटापर्यंत जाऊ दिले पाहिजे, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. ग्रंथपालाच्या परीक्षेला हे पाठ करून पास होतात, आणि नोकरी लागल्यावर पहिले काम कुलूप विकत आणण्याचे!

एक गंमत सांगतो. ग्रंथालयांत पुस्तकांना जे दशांश वर्गीकरणाचे क्रमांक देतात, त्यात उर्दू साहित्याचा क्रमांक ८९१.४३९ आणि मराठीचा ८९१.४६. मध्ये बंगाली, ओडिया वगैरे दोन-तीन भगिनी सोडल्या तर या दोन भाषा शेजारणी आहेत. हे क्रमांक अमेरिकेत ठरले, ज्यांना आमच्या भांडणांची काही माहिती नव्हती. त्यांनी शेजारी बसवले, आम्ही एकीला व्हरांड्यात काढले.

सेतुमाधवराव पगडींनी गालिब मराठी वाचकाला समजावून दिला, श्रीपाद जोशींनी उर्दू-मराठी शब्दकोश केला, आणि याच नागपुरात राहिलेल्या सुरेश भटांनी गझलेची बाराखडी लिहून मराठी पोरांना गझल शिकवली. या तिघांपैकी एकही मुसलमान नव्हता. उलट बाजूने पाहा. शेख महंमद श्रीगोंदेकरांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. अमर शेखांच्या आवाजावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा भरल्या. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते, आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. ही सगळी माणसे एका कपाटात एकमेकांशेजारी उभी राहू शकली असती. मुलाने एक ओढले की दुसरे बरोबर आले असते, कुस्तीच्या पुस्तकासारखे.

आता ग्रंथालयांना पुरेसे बोललो. आपल्या माणसांशी बोलायचे आहे, आणि तिथे आम्ही आवाज खाली आणणार नाही.

आपल्या मोहल्ल्यात कोणी चार पैसे कमावले आणि समाजासाठी काही करावे असे त्याच्या मनात आले, की आजकाल तो अभ्यासिका काढतो. फॅन, ट्यूबलाइट, जमल्यास एसी, भिंतीकडे तोंड केलेल्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला लाकडी आडोसा. मुले घरून आपापली गाइडे आणतात, सकाळी सातला बसतात, रात्री दहाला उठतात. फलकावर मात्र 'वाचनालय' लिहिलेले असते. सरकारी आणि संस्थांची ग्रंथालयेही झपाट्याने याच वाटेने चालली आहेत. देवघेव विभाग ओस, आणि खुर्च्यांसाठी मारामारी.

त्या मुलांना आम्ही दोष देत नाही. एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या घरात अभ्यासाला शांत कोपरा मिळत नाही, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे, आम्हीही बी.एड.चा अभ्यास मशिदीच्या जिन्यावर बसून केला. पण खुर्ची देणे आणि पुस्तक देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभ्यासिकेत मुलगा जे घेऊन जातो तेच घेऊन परत येतो. त्याच्या प्रश्नांची उत्तरे आधीच छापलेली असतात, चारांपैकी एक निवडायचे. लाकडी आडोशामुळे शेजारचा काय वाचतो तेही दिसत नाही. हजारांतून दहा पास होतात, उरलेल्यांच्या हाती काय राहते? जुन्या झालेल्या गाइडांची रद्दी. पाच वर्षे ग्रंथालयात बसून एकही पुस्तक न वाचलेला तरुण, ही आमच्या काळाची निर्मिती आहे, आणि तिच्या उद्घाटनाला आम्ही सगळे हार घेऊन जातो.

दुसरा प्रकार बुजुर्गांचा. "किस्से-कहानियाँ पढ़के क्या मिलेगा?" हा प्रश्न आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. चाचांना वाटते दीनी किताब पुरेशी, अब्बांना वाटते कोर्सची किताब पुरेशी. उरलेली सगळी दुनिया फालतू! मशिदींतून आणि मदरशांतून चांगली कुतुबखाने आहेत, त्यांचा आम्हाला आदर आहे. पण एका विषयाचे कपाट म्हणजे ग्रंथालय नव्हे. वाचण्याच्या हुकमाने ज्या धर्माची सुरुवात झाली त्याचे आम्ही अनुयायी, हे आम्ही प्रत्येक जलशात सांगतो. बगदादचे बैतुल हिक्मत, कुर्तुब्याची ग्रंथालये, यांवर आमचे वक्ते अर्धा तास बोलू शकतात. १२५८ साली हलाकूखानाने बगदाद बुडवले, तिथे त्यांचे डोळे पाणावतात आणि भाषण संपते. आम्हाला एकदा व्यासपीठावर उठून विचारायचे आहे: जनाब, हलाकू तर गेला. गेल्या वर्षभरात तुम्ही स्वतः कोणती किताब वाचली?

नागपूरकरांना उदाहरणासाठी बगदादला जायची गरज नाही. दीक्षाभूमीवर जा. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, तिथे दरवर्षी लाखो लोक येतात, बहुतेक गरीब, बरेच अनवाणी, आणि जाताना पुस्तके घेऊन जातात. पुस्तकांच्या दुकानांसमोरची गर्दी आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. भाकरीच्या फडक्यात पुस्तक बांधणारी म्हातारी पाहिली आहे. तिला वाचता येत नव्हते, नातवासाठी घेतले होते. ज्या पुढाऱ्याने राहायचे घर बांधताना आधी पुस्तकांच्या जागेचा विचार केला, त्याच्या माणसांना हे सांगावे लागत नाही. त्याच शहरात ताजबागला बाबा ताजुद्दीन यांचा उर्स भरतो. आम्हीही जातो, मन्नतही मागतो. चादरी, मिठाई, खेळणी, बांगड्या. किताबांची दुकाने शोधावी लागतात, आणि सापडली तर दुआंच्या छोट्या पुस्तिकांची आणि स्वप्नांच्या अर्थांची. हे लिहिताना आम्हाला लाज वाटते, म्हणूनच लिहिले.

उर्दूचा वाचकच उरला नाही, अशी सबब मात्र कुणी सांगू नये. २०२१ च्या डिसेंबरात मालेगावला राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा किताब मेळा भरला होता. यंत्रमागांचे गाव ते, कुणी श्रीमंतांची वसाहत नव्हे. तिथे माणसांनी पिशव्या भरभरून पुस्तके नेली. वाचक आहे. त्याला पुस्तकापर्यंत हात पोचू द्या, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

आणि शिक्षकहो, आपण स्वतः? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिले आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे, वर्तमानपत्रे, मासिके आणि सर्व विषयांची गोष्टींची पुस्तके हवीत. बहुतेक शाळांत ती आहेतही. हेडमास्तरांच्या खोलीत, कपाटात, कुलपात. कारण दाखल नोंदवही ज्याच्या नावावर आहे त्याला भीती असते, एक पुस्तक हरवले तर पगारातून कापतील. म्हणून कोरी करकरीत पुस्तके कोरी करकरीतच वाळवीला देतात. वाळवीने खाल्ले तर नोंद होते, मुलाने हरवले तर वसुली होते! आमच्या शाळेतील कपाटाची किल्ली तीन वर्षे आमच्याच खिशात होती. तेव्हा त्या ग्रंथालयातल्या निवृत्त गृहस्थांवर हसायचा हक्क आम्हाला किती, हे वाचकांनी ठरवावे.

आता सिनेमाचे. ग्रंथालयात सिनेमा म्हटले की दोन्हीकडचे लोक दचकतात. आपले मौलवीसाहेब दचकतात आणि ग्रंथालयाचे कार्यवाहही दचकतात, कधी नव्हे ते दोघांचे एकमत होते. पण ही कल्पना आमची नाही, शंभर वर्षांपूर्वीच्या एका मराठी राजाची आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल अमेरिकेहून बडोद्याला आणले आणि संस्थानभर मोफत ग्रंथालये उभारली. लाकडी पेट्यांतून पुस्तके गावोगाव फिरत. त्याच खात्याला दृश्य शिक्षणाची एक शाखा होती. तिची माणसे जादूचा कंदील आणि सिनेमाचे यंत्र घेऊन खेड्यांत जात, कारण ज्याला वाचता येत नाही तोही ग्रंथालयाचा वाचक आहे, असे त्या राजाला वाटत होते. पुढे १९५१ साली युनेस्कोच्या मदतीने दिल्लीत सार्वजनिक ग्रंथालय निघाले, पंडित नेहरूंनी उद्घाटन केले, तिथेही पुस्तकांच्या जोडीला व्याख्याने आणि चित्रपटांचे खेळ होत. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले, त्याच्याकडून देशभरातील फिल्म सोसायट्यांना जगाचा सिनेमा पाहायला मिळे. २०२२ साली ते चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. म्हणजे ही आपलीच रीत होती. आपणच ती मोडीत काढली.

दोन वर्षांपूर्वी आम्ही शाळेच्या प्रोजेक्टरवर आठवीच्या मुलांना माजिद मजीदी यांचा १९९७ सालचा इराणी चित्रपट दाखवला. भाऊ बहिणीचे बूट हरवतो, घरी सांगायची हिंमत नाही, मग दोघे एकच जोड आळीपाळीने घालून शाळेत जातात. फारसी बोलपट, खाली इंग्रजी ओळी. आम्हाला वाटले मुले कंटाळतील. पण पडद्यावर नाव आले, 'बच्चेहा-ये आसमान', आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ये तो अपनी ज़बान है!" मग मुलांना शब्द सापडत गेले. मदरसा, दर्स. दुसऱ्या दिवशी तासाला आम्ही 'दफ्तर' हा शब्द फळ्यावर लिहिला. फारसीत त्याचा अर्थ वही, उर्दूत कचेरी, आणि मराठीत? एक मुलगी पाठीवरची बॅग उचलून म्हणाली, "दप्तर!" मराठी सुलभभारतीचा धडा आम्ही वर्षभर शिकवतो, पण मराठी आपली आहे हे त्या मुलीला त्या दिवशी एका इराणी सिनेमामुळे कळले. शेवटच्या शर्यतीत त्या मुलाला तिसरा नंबर हवा असतो, कारण तिसऱ्याला बूट मिळणार असतात, आणि तो पहिला येतो. त्यावर वर्गात जी चर्चा झाली तशी पाठ्यपुस्तकातल्या एकाही धड्यावर झालेली आम्हाला आठवत नाही.

बुटांवरून आणखी एक आठवले. १९७३ सालचा 'गर्म हवा'. आग्र्याचा बूट बनवणारा सलीम मिर्झा, फाळणीनंतरही आपले शहर सोडायला तयार नसलेला. इस्मत चुगताईंच्या कथेवरून एम. एस. सथ्यूंनी केलेला. आमच्या वर्गातील एकाही मुलाने पाहिलेला नव्हता, आणि खरे सांगायचे तर स्टाफरूममध्येही तीनच हात वर आले. ज्या सिनेमात आमची गोष्ट आहे तोच आम्ही पाहिलेला नाही!

"मोबाइलवर सगळं मिळतं की," असे लोक म्हणतात. मिळते. पण मोबाइल तुम्हाला तेच दाखवतो जे तुम्ही काल पाहिले. दुकानदारासारखा तो गिऱ्हाइकाची आवड ओळखतो. कपाट तुमची आवड ओळखत नाही, हीच त्याची थोरवी.

याची किंमत काय असते ते नागपूरने २०२५ साली पाहिले. त्या वर्षी फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट आला. औरंगजेबाच्या खुलताबादच्या कबरीवरून वाद पेटला. १७ मार्चच्या संध्याकाळी महाल आणि हंसापुरीत दंगल झाली, अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. रमजानचे दिवस होते. चित्रपटानंतर लोकांच्या भावना भडकल्याचे खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. त्या राजकारणावर लिहिणारे पुष्कळ आहेत, आम्ही शाळेपुरते लिहितो. शाळा पुन्हा भरल्यावर एका मुलाने विचारले, "सर, सच क्या है?" त्याने तो चित्रपट पाहिला नव्हता. मोबाइलवर तुकडे पाहिले होते, दोन्हीकडचे, सगळे तीस सेकंदांचे.

आम्ही काय उत्तर देणार? आम्ही इतिहासाचे पंडित नाही. आम्हाला त्याला एका जागी पाठवायचे होते, जिथे एकाच कपाटात शिवाजी सावंतांची १९७९ सालची 'छावा' कादंबरी असेल, शेजारी डॉ. कमल गोखल्यांचे संभाजीराजांचे संशोधनपर चरित्र, जदुनाथ सरकारांचे औरंगजेबावरचे पाच खंड, आणि पगडींनी फारसीतून मराठीत आणलेली मोगल दरबाराची बातमीपत्रे. कादंबरी कशाला म्हणतात, इतिहास कशाला म्हणतात आणि दरबारी बातमीदार काय लिहितो, हे तिन्ही हातात घेऊन त्याने स्वतः पाहावे. आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला महालातला एखादा मुलगा बसलेला असावा, त्याच्या हाती 'योगसंग्राम' लागावे, किंवा हमीद दलवाईंचे 'इंधन' लागावे. दलवाईंच्या मतांशी आपल्यापैकी अनेकांचे भांडण आहे, आमचेही काही बाबतींत आहे. पण ज्यांनी 'इंधन' उघडलेही नाही ते सर्वांत मोठ्याने भांडतात. भांडा, पण वाचून भांडा. दोन मुले एका टेबलावर दोन पुस्तके घेऊन बसली म्हणून दंगल थांबत नाही, एवढे भोळे आम्ही नाही. पण शहरात अशी एकही जागा नसावी, जिथे ती बसू शकतील?

तर मागणी काय? ग्रंथालयांकडे एवढीच की काउंटरची फळी उचला. आठवड्यातून एक दिवस तरी मुलांना कपाटांत फिरू द्या. उर्दू पुस्तके व्हरांड्यातून आत आणा, मराठीच्या शेजारी, क्रमांकाप्रमाणे. लेखकाचे आडनाव पाहून पुस्तकाचा विषय ठरवू नका. महिन्यातून एक चांगला चित्रपट दाखवा, यंत्र नसेल तर शाळेचे आम्ही डोक्यावर घेऊन येऊ.

पण आमचा मुख्य रोख आपल्यावरच आहे. महाराष्ट्रातील बहुतेक अनुदानित ग्रंथालये सरकारी नाहीत, नोंदणीकृत संस्था आहेत. सभासदांची वार्षिक सभा होते, कार्यकारिणी निवडली जाते, पुस्तक खरेदी तीच ठरवते. त्या सभेत आपण किती जण असतो? सभासदच नाही तर सभेला कुठून असणार? किल्ली हरवल्याची तक्रार करायची आणि घराचे मालक व्हायला जायचे नाही, हा आपला जुना धंदा. मुशायऱ्याला पहाटेपर्यंत बसणारा समाज एका वार्षिक सभेला दोन तास बसू शकत नाही काय? आणि पोरीला ग्रंथालयात पाठवायचे म्हटले की "अकेली कैसे जाएगी?" ट्यूशनला जाते तशी जाईल! किंवा अम्मी बरोबर जाईल. अम्मीही दोन पाने वाचील.

त्या शनिवारनंतर आम्ही सभासदत्वाचे पंधरा अर्ज आणले. अनामत रक्कम आम्ही तिघा शिक्षकांनी वाटून भरायचे ठरवले. अर्जावर पालकाची सही लागते. अकरा सह्या आल्या. दोन पालकांनी "अगले साल देखेंगे" म्हटले. एकाने अर्ज परत पाठवला, वर पेन्सिलीने लिहिले होते, 'पहले दसवीं पास करे.' पंधरावा अर्ज पक्ष्यांच्या पुस्तकापाशी थांबलेल्या मुलीचा. तिचे अब्बा ऑटो चालवतात. ते स्वतः शाळेत आले, सही केली आणि विचारले, "मास्टर साहब, वहाँ बड़ों को भी देते क्या किताब?"

त्यांचा अर्ज धरून तेरा झाले. बाबूंनी ते ठेवून घेतले आहेत, कार्यकारिणीच्या बैठकीत मंजूर होतील म्हणाले. व्हरांड्यातल्या कपाटाची किल्ली अजून सापडलेली नाही. येत्या शनिवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. तिमकीतल्या एका कुलूपवाल्याशी बोलणे झाले आहे, परवानगी मिळाली तर तो बरोबर येईल. पैसे घेणार नाही म्हणतो.